आमच्या कपाटातला 'बोहारी': चिनीमातीच्या एका जुन्या बाहुलीविषयी

प्रश्न: कादराबादकर, जालना

नमस्कार मंडळी,

कादराबादेतील आमचा माळवदाचा वाडा या उन्हाळ्यात उतरवला. बैठकीतल्या काचेच्या कपाटात पणजोबांच्या वेळेपासून उभी असलेली चिनीमातीची एक बाहुली त्यानिमित्ताने पहिल्यांदाच हातात घेऊन नीट पाहिली, आणि तिच्याविषयी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढत आहे.

बाहुली वीतभर उंचीची आहे. पाठीत वाकलेला एक म्हातारा, खांद्यावर जुन्या कपड्यांचे बोचके, डोक्यावर एकावर एक चढवलेल्या तीन टोप्या, एका हातात छातीशी घट्ट धरलेली पैशांची पिशवी, पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले नाक आणि जाड, लोंबता ओठ. दाढीचा काळा रंग बराच उडाला आहे, पण पिशवीवरचा सोनेरी ठिपका अजून चमकतो. तळाशी एक पुसट शिक्का असून त्यातली इंग्रजीतली 'मेड इन जर्मनी' एवढीच अक्षरे लागतात. छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला तेव्हा पणजोबांनी ती घेतली, असे घरात सांगतात.

आमच्याकडे त्याला सगळे 'बोहारी' म्हणत. जुनी लुगडी-धोतरे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी दारावर येत, म्हणून त्यांचाच हा कोणी सोयरा असावा, असे आम्हा मुलांना वाटे. तीन टोप्यांवरून आजोबा त्याला 'गिऱ्हाइकाला टोपी घालणारा' म्हणत. लक्ष्मीपूजनाला आजी त्याला चोपड्यांच्या शेजारी बसवून त्याच्या पिशवीपाशी एक रुपया ठेवत असे. ज्याच्या मुठीतून पैसा सुटत नाही तो घरात असलेला बरा, असा तिचा हिशेब होता.

मी घरच्या गटावर फोटो टाकला तेव्हा अमेरिकेतील भाच्याने लगेच कळवले की, मामा, हे ज्यू लोकांचे विटंबनाचित्र आहे, ते नव्या घराच्या कपाटात मांडू नका. दुसऱ्याच दिवशी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन चांगली किंमत देऊ करून गेला. माझा प्रश्न असा आहे की, या बाहुलीत नेमके आक्षेपार्ह काय आहे, आणि तिचे करावे तरी काय?

प्रतिसाद: चित्रकलेचे मास्तर, छत्रपती संभाजीनगर

आपल्या भाच्याचे म्हणणे मला पटते. वर्णनावरून ही लंडनच्या रस्त्यांवर जुने कपडे गोळा करीत हिंडणाऱ्या ज्यू फेरीवाल्याची आकृती दिसते. अठराव्या शतकात तिथला हा धंदा बऱ्याच अंशी गरीब ज्यूंच्या हाती होता, आणि विकत घेतलेल्या टोप्या एकावर एक डोक्यावर चढवून ओरडत जाणारा ज्यू हा त्या काळच्या छापील व्यंगचित्रांचा ठरलेला विषय होता. चित्रांतून तो चिनीमातीत उतरला; डर्बीसारख्या इंग्रजी कारखान्यांनी ज्यू फेरीवाल्यांच्या बाहुल्या काढल्या. आपल्या आजोबांना सुचलेला विनोद मराठीतच सुचू शकतो, पण मूळ कारागिराला जे म्हणायचे होते ते त्यापासून फार लांब नव्हते. म्हणजे बोहारी ही ओळख धंद्यापुरती अगदी अचूक होती. फक्त तो धंदा त्यांनी हौसेने पत्करलेला नव्हता. युरोपात बहुतेक ठिकाणी ज्यूंना कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता आणि जमीन धारण करण्यावर बंधने होती, त्यामुळे फेरी, जुना माल आणि व्याजाचा व्यवहार एवढीच दारे पुष्कळांना उघडी राहिली. मग त्याच दारांवरून त्यांची टिंगल झाली.

आता नाकाकडे येतो, कारण बाहुलीचा सगळा डाव तिथे आहे. ज्यूंविषयी शत्रुत्व दाखवणारी जुनी चित्रे आणि शिल्पे नेहमीच चेहरा विद्रूप करीत नसत. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर १२३० च्या सुमारास कोरलेल्या दोन स्त्रीमूर्ती आहेत: एक विजयी चर्च, दुसरी पराभूत सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी आहे, हातातला भाला मोडलेला आहे, धर्माज्ञेच्या पाट्या निसटत आहेत. पण ती स्त्री सडपातळ आणि देखणी आहे, किंबहुना मला तीच अधिक सुंदर वाटते. तिथे अपमान आहे तो श्रद्धेचा, शरीराचा नव्हे. ज्यू ओळखू यावा म्हणून त्या काळचे चित्रकार बहुधा त्याची टोकदार टोपी काढत, आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन या चर्चच्या परिषदेने ज्यूंनी वेगळा पेहराव करावा असा नियमच केला होता.

त्याच सुमारास नाकही चित्रात येऊ लागले. इंग्लंडच्या राजाच्या महसूल खात्यातील १२३३ च्या एका गुंडाळीवर कोणा कारकुनाने वरच्या कोऱ्या जागेत एक चित्र खरडून ठेवले आहे. आपल्या तलाठ्यांच्या जुन्या फेरफार वह्यांच्या समासात जशी रेघोट्यांची माणसे सापडतात, तसलाच तो प्रकार. मधोमध नॉर्विचचा धनाढ्य आयझॅक तीन तोंडांचा आणि मुकुट घातलेला आहे. त्याच्याखाली त्याच्याकडे काम करणारा मोशे आणि अबिगेल नावाची स्त्री समोरासमोर उभी आहेत, आणि दोघांच्या मधला शिंगांचा सैतान त्यांच्या लांब नाकांपाशी बोटे नेऊन ती जणू आपल्याला दाखवतो आहे. कर भरून घेणाऱ्या कचेरीत, कर भरणाऱ्यांचे हे चित्र! १२९० मध्ये इंग्लंडने सर्व ज्यूंना देशाबाहेर काढले. त्याच शतकाच्या अखेरीस जर्मनीत विटेनबर्गच्या चर्चच्या भिंतीवर डुकरिणीला लुचणाऱ्या ज्यूंचे शिल्प बसले. ज्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्या धर्माच्या लोकांना रस्त्यावरून जाता-येता दिसावे म्हणून.

मग हे चित्र भिंतीवरून घरात आले. जर्मनीतील माइसेनचा चिनीमातीचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला तेव्हा असली चिनीमाती सरदार-दरबाऱ्यांपुरती होती, पण एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखाने जत्रेत विकण्याजोग्या स्वस्त बाहुल्या ढिगाने काढू लागले. आपल्या बाहुलीच्या तळाचा शिक्का महत्त्वाचा आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर रूढ झाली, तेव्हा बाहुली बहुधा त्यानंतरची असावी. म्हणजे विषय इंग्रजी, माल जर्मन, गिऱ्हाईक छावणीतला साहेब आणि शेवटचा मुक्काम कादराबाद.

आपल्या आजींच्या रुपयाविषयी वाचून मला मात्र हसू आले नाही. पोलंडमध्ये नाणी मोजणाऱ्या म्हाताऱ्या ज्यूचे चित्र घराच्या किंवा दुकानाच्या दारापाशी टांगण्याची प्रथा आजही आढळते. घरात पैसा यावा हा हेतू, आणि काही लोक ते चित्र शनिवारी उलटे करतात, म्हणजे त्याने आठवडाभर साठवलेला पैसा घरात सांडतो. त्याच्या हातात खरे नाणे चिकटवलेल्या बाहुल्याही विकल्या जात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले, हे लक्षात घेतल्यावर ते शकुनाचे चित्र वेगळेच दिसू लागते. क्राकुव शहराने २०२१ मध्ये अशा बाहुल्यांची विक्री थांबवण्याच्या दिशेने पाऊल उचलले.

प्रतिसाद: नाणेसंग्राहक, नांदेड

मास्तरांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडतो. नाण्यांच्या छंदात मला छायाचित्रातून पाहायला मिळालेले सर्वांत कटू पदक जर्मनीतील गोथा येथील क्रिस्टियान वेर्मुट या पदककाराचे, १६९४ च्या दुष्काळातले आहे. एका बाजूला काठी टेकत चाललेला माणूस, त्याच्या पाठीवर धान्याचे पोते आणि त्या पोत्यावर बसून ते फोडणारा सैतान. शेजारी 'तू धान्य-ज्यू' अशी अक्षरे. दुसऱ्या बाजूला धान्य मोजण्याचे माप आणि त्यावर बायबलमधील नीतिसूत्रांतले वचन, की जो धान्य अडवून ठेवतो त्याला लोक शाप देतात.

यातली मेख अशी की, धान्य दाबून भाव चढवणारा कोणत्याही धर्माचा असला तरी त्याला जर्मनीत 'धान्य-ज्यू' म्हणत. साठेबाजी ख्रिस्ती व्यापाऱ्याने केली तरी शिवी ज्यूच्या नावाने पडे. दुष्काळ म्हणजे काय आणि दुष्काळात पोती दाबून बसणारा म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ते पदक पाहताना पहिल्या क्षणी माझीही सहानुभूती पदककाराकडे गेली होती, हे कबूल करतो. रागाचे कारण खरे आणि ज्याच्यावर तो काढला तो माणूस भलताच, अशी त्या पदकाची घडण आहे.

प्रतिसाद: स्पष्टवक्ता, लातूर

सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर ठेवून लिहितो की, मला हा उगाच केलेला बाऊ वाटतो. जालन्याच्या बैठकीत ऐंशी-शंभर वर्षे उभ्या असलेल्या बाहुलीने कोणाचे काय बिघडवले? ती पाहून दुखावला जाईल असा एकही ज्यू त्या गल्लीत नव्हता. आपल्या तमाशात आणि सोंगांत भटजी, वाणी, मारवाडी, पाटील, कारकून या सगळ्यांची टिंगल होते आणि समोर बसलेला वाणीसुद्धा हसतो. शिवाय सावकारावरचा राग हा काही कोणी कल्पनेने रचलेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तो त्यांच्या नाकाचा आकार पाहून केला नव्हता. युरोपने केलेल्या पापाचे प्रायश्चित्त आपण का घ्यावे? बाहुली सुंदर असेल तर ठेवा, किंमत बरी येत असेल तर विका.

प्रतिसाद: निवृत्त इंग्रजी शिक्षक, अंबाजोगाई

'त्या गल्लीत एकही ज्यू नव्हता' हे वाक्य वाचून मी क्षणभर थांबलो, कारण माझ्या मते प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. माझ्या स्वतःच्या शाळेत शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातल्या शायलॉक या ज्यू सावकाराचा उतारा होता, आणि अंबाजोगाईत बसून, आयुष्यात एकही ज्यू न पाहता, ज्यू म्हणजे सुरी परजणारा सावकार हे मी पंधराव्या वर्षी पक्के शिकलो. पुढे मराठी वर्तमानपत्रांत व्याजखोर सावकाराला 'शायलॉक' म्हणताना कोणालाच काही वाटत नसे, मलाही वाटले नाही. शेक्सपियरने ते नाटक सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिले तेव्हा ज्यूंना इंग्लंडमधून हाकलून तीनशे वर्षे झाली होती, आणि त्यांना पुन्हा राहू देण्याचा मार्ग १६५६ मध्ये मोकळा झाला. लंडनच्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांनी ज्यू म्हणून उघडपणे राहणारा माणूस पाहिला असेल. शेक्सपियरने त्याच्या तोंडी 'आम्हाला टोचले तर रक्त येत नाही काय' हा प्रश्न घातला हे खरे, आणि वर्गात मी त्यावर भर देत असे. पण परीक्षेनंतर मुलांच्या लक्षात राहत असे ते त्याने कर्जापोटी मागितलेले एक पौंड मांसच.

माणूस समोर असला की त्याच्याविषयीची आपली समजूत रोज थोडी थोडी दुरुस्त होते. वाणी उधार देतो, लग्नाला येतो, मयताला येतो. तमाशातला वाणी आपण त्या खऱ्या वाण्याशी ताडून पाहतो. कादराबादेतल्या त्या म्हाताऱ्याला कोणाशी ताडून पाहणार?

प्रतिसाद: चित्रकलेचे मास्तर, छत्रपती संभाजीनगर

लातूरकरांनी सुप्याचे उदाहरण दिले ते बरे झाले. त्या दंग्यात लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळायच्या, हा त्यांचा मुख्य कार्यक्रम होता आणि माणसांना इजा तुलनेने कमी झाली. कोणत्या सावकाराचा कोणता कागद, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक होते. या बाहुलीच्या हातात रोखा नाही, तिला नाव नाही, गाव नाही. नुसते नाक आणि पिशवी आहे. नाकाविषयी सांगायचे तर मॉरिस फिशबर्ग या वैद्य-मानवशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील २,८३६ ज्यू पुरुषांची नाके पाहून १९११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सुमारे १४ टक्के लोकांचे नाक बाकदार निघाले आणि निम्म्याहून अधिकांचे सरळ. कोणी मोजलेच नव्हते तोपर्यंत साडेसहाशे वर्षे कारागीर तेच नाक काढत होते, आणि मोजल्यानंतरही काढत राहिले.

बाहुलीने कोणाचे काय बिघडवले, या प्रश्नाला एका बाहुलीपुरते उत्तर नाही. पण काठीची मूठ, अडकित्ता, राखपात्र, मुलांचा गल्ला, पोस्टकार्ड अशा शेकडो वस्तूंवर तेच तोंड असेल तर? १८९० च्या दशकात फ्रँकफुर्टमधील एक हॉटेल आपण ज्यूमुक्त असल्याची जाहिरात पोस्टकार्डांवर छापून अभिमानाने करीत असे, आणि लोक ती खुशालीच्या चार ओळी लिहून घरी पाठवत. १९३० च्या दशकात ड्रेस्डेनच्या एका कंपनीने 'ज्यूंनो, चालते व्हा' नावाचा खेळ बाजारात आणला. आपल्या सापशिडीसारखाच फासा टाकून सोंगट्या पुढे न्यायच्या. वाटेत ज्यूंच्या दुकानांवर थांबून टोकदार टोपीच्या आकाराचे, विद्रूप तोंड रंगवलेले तुकडे उचलायचे आणि आपल्या सोंगटीच्या डोक्यावर चढवून गावकुसाबाहेर नेऊन ठेवायचे. सहा ज्यू बाहेर काढणारा जिंकला. मध्ययुगातील ती सक्तीची टोपी सातशे वर्षांनी मुलांच्या हातात आली. गंमत अशी की, डिसेंबर १९३८ मध्ये एसएस या नाझी संघटनेच्या साप्ताहिकाने या खेळावर टीका केली, कारण त्यांच्या गंभीर राजकीय कार्याचा त्याने पोरखेळ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या महिनाभर आधीच जर्मनीभर सिनॅगॉग जाळण्यात आली होती.

विक्रीविषयी मात्र माझे मत ठाम आहे. व्यापारी ती 'गमतीदार विलायती म्हातारा' म्हणून पुढच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवील. फोडूनही टाकू नये. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृती-संग्रहालयात एका संग्राहक कुटुंबाने जमवलेल्या अशा नऊशेहून अधिक वस्तू आहेत, आणि बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात आर्थर लांगरमान यांचा मोठा संग्रह अभ्यासासाठी ठेवला आहे. लांगरमान यांचा जन्म १९४२ मध्ये अँटवर्पला, ज्यू कुटुंबात झाला. ज्यांची विटंबना या वस्तूंत आहे, त्यांच्यापैकीच एकाने त्या आयुष्यभर शोधून विकत घेतल्या. विटेनबर्गच्या शिल्पाखाली १९८८ मध्ये स्मारकफलक बसवला गेला. शिल्पच काढावे म्हणून एका ज्यू गृहस्थाने दावा लावला, तो २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फलकामुळे संदर्भ बदलला आहे, असे म्हणत फेटाळला. हा निर्णय मला पूर्ण पटत नाही. भिंतीवरचे शिल्प मान वर करून पाहावे लागते आणि फलक पायाखाली आहे.

प्रतिसाद: परभणीची लेक, ठाणे

माहेर परभणी, सध्या नोकरीनिमित्त ठाण्यात. 'ज्यू पाहिला नाही' हे आमच्या मराठवाड्यापुरते ठीक आहे, पण महाराष्ट्राला लागू नाही. माझ्या शेजारच्या आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आहेत. आडनावाच्या शेवटी 'कर', गाव अलिबागकडचे, बोलणे माझ्याहून शुद्ध मराठी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सावकारी नाही, बोचके नाही. नवस फेडताना त्या एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ आणि फळे. मला दरवेळी वाटी येते. तो फोटो त्यांना दाखवावा असे आधी मनात आले होते. मग मोबाइल पर्समध्येच ठेवला.

प्रतिसाद: तेरकर, धाराशिव

विषयांतर नाही, एक उपयोगाची सूचना. आमच्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातील पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती आहेत. पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांतून काढून मध्ये सांधलेला, त्यामुळे कुशीला सांध्याची बारीक रेघ दिसते. आपल्या बाहुलीच्या दोन्ही कुशी भिंगाखाली पाहा. तशी रेघ सापडली तर ती हाताने घडवलेली एकमेव वस्तू नाही, साच्यातून निघालेल्या कित्येकांपैकी एक आहे. व्यापाऱ्याने सांगितलेल्या 'दुर्मीळ' या शब्दाचाही त्यातून निकाल लागेल.

कादराबादकर, जालना

सर्वांचे आभार. तेरकरांच्या सांगण्यावरून भिंग लावले. बोचक्यापासून थेट टाचेपर्यंत रेघ आहे, आणि शिक्क्याच्या शेजारी मातीत दाबलेला एक आकडाही दिसला, बहुधा साच्याचा क्रमांक असावा. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवले आहे. त्यावर त्याने किंमत वाढवली, तेव्हा दुसऱ्यांदा नाही म्हटले.

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. शायलॉकपर्यंत ती गप्प होती. मग तिने विचारले की, आपण त्याला बोहारी म्हणत होतो ते दारावर येणाऱ्या बोहारणींच्या कानावर कधी गेले असेल का. कारण त्यातली एक तर नेहमी ओसरीवर बसून चहा घेत असे आणि ते कपाट तिला समोरच दिसत असे. मला आठवत नाही. आईलाही नक्की आठवत नाही.

सध्या बाहुली कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे. सोबत एका कागदावर ती कोणाची आकृती आहे, बहुधा कधीची, घरात तिला काय म्हणत आणि लक्ष्मीपूजनाला काय करीत, हे सर्व लिहून ठेवले आहे. मास्तर, दिवाळीनंतर संभाजीनगरला येणे होईल तेव्हा ती घेऊन येतो. एखाद्या संग्रहालयाने ठेवून घेतली तर द्यायची तयारी आहे, पण तो कागदही तिच्यासोबत ठेवणार असतील तरच.

लातूरकर, आपल्या मताचाही त्या कागदावर उल्लेख केला आहे.